दवाखान्यातलं गवत

मार्च सरत आला की वर्ध्यात कूलर उघडे पडतात. वर्षभर गोणपाटाखाली, जुन्या चादरीखाली, जिन्याच्या कोपऱ्यात गप बसलेले ते पत्र्याचे डबे अंगणात येतात. कुणी आतला गंज खरवडतं, कुणी टाकीच्या भोकांवर डांबर लावतं, कुणी पंपाचं बटण दाबून बघतं आणि तो नुसताच गुरगुरला की त्याला शिवी हासडतं. गल्लीभर डांबराचा आणि ऑइलपेंटचा वास असतो. मग एखाद्या दुपारी कुणाच्या तरी कूलरमध्ये पहिलं पाणी पडतं आणि वाळ्याचा वास रस्त्यावर येतो. लोक म्हणतात, लागला बाप्पा उन्हाळा. मला त्या वासाबरोबर मनोहरभाऊ आठवतात. बारा वर्षं झाली, दरसाल आठवतात आणि दरसाल माझं टाळकं फिरतं.

यंदा तर आठवण जरा लवकरच निघाली. कॉलेजच्या पोरींनी मला भाषणाला बोलावलं होतं. फळ्यावर रंगीत खडूनं विषय लिहिलेला, 'लघुउद्योग आणि पर्यावरण'. आमचं दुकान म्हणाल तर एका शटरचं, पंखे आणि कूलर दुरुस्तीचं. पण आम्ही जुन्या ताट्या धुऊन पुन्हा भरतो, वाळा स्वतः लावतो, गंजलेला पत्रा फेकत नाही, हे त्यांच्या बाईंना कुठून तरी कळलं होतं. शाल घातली, नारळ दिला, एका मुलीनं उभं राहून विचारलं, "काकू, याची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" मी म्हटलं, झाडं तुटताना पाहून वाईट वाटायचं. टाळ्या पडल्या. साफ खोटं बोलले मी. झाडांचं वाईट वाटत नाही असं नाही, पण झाडांसाठी मी हाताची सालटी काढून घेतली नसती. मला एका माणसाला खाली मान घालायला लावायची होती, एवढीच माझी प्रेरणा.

आता ताटी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. कूलरच्या तीन बाजूंना जाळीच्या चौकटी असतात, त्यात गवत दाबून भरतात. वरून पाणी झिरपतं, आतला पंखा त्यातून हवा ओढतो. ती चौकट म्हणजे ताटी. बाजारात ज्याला कूलरचं गवत म्हणतात ते गवत नसतंच, लाकडाचा लांब लांब कीस असतो. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यानं दोन महिन्यांत त्यावर पांढरा थर बसतो, मग ते काळं पडतं, आणि पाऊस लागला की लोक ते उपसून नाल्यात फेकतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवं. या नव्या गवताचे गठ्ठे आमच्या भागात आणायचे मनोहरभाऊ. मेन रोडवर त्यांचं कूलरचं मोठं दुकान, मागे गोदाम. सगळे दुरुस्तीवाले त्यांच्याच गोदामासमोर सायकली लावायचे, आमचे हेसुद्धा.

'हे' म्हणजे माझे यजमान, प्रकाश. कमी बोलणारा माणूस. पंखा खोलून ठेवला की त्यांना जेवायला चार हाका माराव्या लागतात.

त्या वर्षी मी बाळंतपणाला हिंगणीला गेलते. नव्वदचं दशक संपत आलेलं. माहेरी मागच्या दाराशी बोर धरणाच्या कालव्याचं पाणी वाहायचं, आई शेक द्यायची, आणि मी पोरीला मांडीवर घेऊन विचार करायची की आता तिकडे सीझन लागला असेल, हे एकटे काय काय करत असतील. उन्हाळ्याचे ते दोन-अडीच महिने आमचं वर्ष चालवतात. एप्रिलच्या मध्यावर परत आले. तेव्हा आमच्या दुकानापुढे रस्त्यापर्यंत ताट्यांची रांग असायला हवी होती, आणि हे स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

"गवत नाई," हे म्हणाले.

"काऊन?"

"मनोहरभाऊ देत नाई."

"काऊन देत नाई पण?"

यांनी पेपरचं पान उलटलं. "त्याले काय वाटलं त्याले मालूम," म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

खरं काय ते मला कमलाबाईनं सांगितलं. कमलाबाई आमच्या मागच्या घरात राहायची, सीझनमध्ये माझ्यासोबत ताट्या भरायची. पाळण्याला झोका देत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वहिनी, गावात काय बोलून राह्यले तुमाले नाई मालूम? प्रकाशभाऊ दवाखान्यातलं फेकलेलं गवत भरते म्हणते लोकायच्या घरी. बिमार माणसायच्या खोलीतलं."

"कोन म्हणते?"

"मनोहरभाऊ. साऱ्यायले सांगून राह्यले."

पोर दोन महिन्यांची. तिला पदराखाली घेतलं आणि भर दुपारी मेन रोड गाठला. मनोहरभाऊ एका गिऱ्हाइकाला नवा कूलर चालवून दाखवत होते. त्या थंड हवेत माझा पदर उडत होता आणि डोक्यात जाळ पेटला होता. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या यायनं दवाखान्यातलं गवत भरलं असं तुमी म्हणता. पाह्यलं काय तुमी?" त्यांनी कूलर बंद केला. माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनी, घरी जा. उन्हात लेकरू घेऊन फिरू नका." बस, एवढंच. वर गड्याला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मी त्या पाण्याला हात लावला नाही.

भांडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या त्यांनी दिल्या असत्या, आठ मी दिल्या असत्या, मोकळी झाले असते. त्या माणसानं माझी कीव केली, आणि ते मी कधीच विसरले नाही. त्या दिवसापासून मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. चारचौघांत, मोठ्यानं, की मी खोटं बोललो, प्रकाशनं तसलं काही केलं नव्हतं. दुसरं काही नको. पुढचं सगळं मी त्या एका वाक्यासाठी केलं.

पहिल्याच फटक्यात तोंडावर आपटले. गवत नाही ना, मग कापूस तर आहे, असं माझं डोकं चाललं. कापसाच्या मुलखातल्या बाईला दुसरं काय सुचणार. हिंगणघाटच्या एका जिनिंगमधून सरकी काढल्यावर उरलेला गाळ-कचरा पोत्यांत भरून आणला. मऊ, पांढरा, फुकटात जमा. कमलाबाईनं आणि मी दोन दिवसांत वीसेक ताट्या भरल्या. हवा काय गार लागली म्हणता! चार दिवस मी राणी. पाचव्या दिवशी गल्लीत मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. आठव्या दिवशी समोरच्या आळीतले मास्तर सायकलच्या कॅरिअरला ताटी बांधून दारात हजर. जाळीतून हिरवे हिरवे कोंब बाहेर आलेले, दोन-दोन पानांचे. कचऱ्यात राहिलेली सरकी कूलरमध्ये उगवून आली होती. मास्तर म्हणाले, "वहिनी, पेरणीच कराची होती तं मिरगापर्यंत थांबाचं होतं."

मास्तर हसले ते मी सोसलं. पण तीच ताटी मास्तरांच्या कॅरिअरवरून संध्याकाळी मेन रोडला पोचली. मनोहरभाऊंनी ती काउंटरवर उभी करून ठेवली होती आणि येईल त्याला दाखवत होते. मी रेल्वे फाटकाकडून येताना पाहिलं. हे मागच्या मागे घरोघरी गेले, वीसच्या वीस ताट्या काढून आणल्या. मी मोरीत बसून कोंब उपटत होते आणि मनोहरभाऊंच्या सात पिढ्या उद्धरत होते.

रागाची एक गंमत असते. रागावलेलं माणूस काही फेकत नाही. मी त्या उन्हाळ्यात गावभर फिरून लोकांनी फेकलेल्या जुन्या ताट्या गोळा केल्या. हा मनोहरभाऊ म्हणतो ना आम्ही जुनं भरतो? भरतो. उघड भरतो, दारात बसून भरतो, या आणि बघा. पांढरा थर निघेना तेव्हा चिंच भिजत घातली. चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की तो थर सुटा होतो, हे मला तांब्या-पितळेच्या भांड्यांनी शिकवलं होतं. मग कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, मग मे महिन्याचं ऊन. दुकानापुढच्या फरशीवर दोन दिवस उलटंपालटं करून वाळवलं की कीस खडखडीत व्हायचा. अर्ध्याचा चुरा पडायचा, तो नर्सरीवाला कुंड्यांवर पसरायला घेऊन जायचा. उरलेला चांगला निघायचा. दारावर पत्र्याची पाटी लावली, मोठ्या अक्षरांत, 'येथे जुन्याच ताट्या धुऊन भरून मिळतील'. आमचे हे पाटीकडे बघत उभे राहिले. "येवढं काऊन लिहाचं?" म्हणाले. मी म्हटलं, "त्याच्या डोळ्यात जाऊ द्या."

आणि खरं सांगते, धुण्याच्या कामात हे माझ्यापेक्षा कडक होते. मी एकदा उकळून सोडलं असतं, हे दोनदा उकळायचे. किसाची एकेक बट उजेडात धरून बघायचे. मला वाटायचं, माझा अपमान या माणसाच्या मनाला लागलाय, फक्त बोलता येत नाही. माझा जीव भरून यायचा.

तरी धुतलेल्या गवताला मर्यादा होती. त्यानं मनोहरभाऊंना चिमटा बसत होता, घाव बसत नव्हता. घाव बसवला वाळ्यानं. वाळ्याची ताटी नीट वाळवून ठेवली तर तीन उन्हाळे निघतात. म्हणजे ज्या घरात माझी वाळ्याची ताटी लागली ते घर तीन वर्षं मनोहरभाऊंच्या गोदामाकडे फिरकणार नाही. हा हिशेब मला भाजी निवडताना सुचला आणि मी हातातली मेथी तशीच टाकून उठले. पण बाजारातला वाळा महाग, आणि जो यायचा तो नाल्याकाठचा मुळासकट उपसून आणलेला, पुढच्या वर्षी तिथे काहीच नाही. मग दादाकडे गेले, हिंगणीला. त्याच्या वावराचा कालव्याकडचा बांध दर पावसाळ्यात वाहून जायचा. मी म्हटलं, दादा, इथे वाळा लाव, मुळं मला दे, ठोंब परत मातीत जाऊ दे. दादा म्हणाला, "गवत लावू काय आता? लोक हासतीन मले." मी म्हटलं, लोक मलाही हसले, मी मेले का? त्यानं लावला. दीड वर्ष थांबावं लागलं. थांबले. सूड घ्यायचा तर घाई करून चालत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पहिली मुळं निघाली, बांधही जागेवर राहिला, आणि मातीनं भरलेली ती मुळं कालव्यात धुताना असा वास सुटला की दादाची बायको पाण्यात उभी राहून नुसती हुंगत होती.

पुढचे उन्हाळे माझे होते. काय सांगू त्या दिवसांची मजा! दुपारी साडेतीन-चारला, रस्ते ओस पडलेले असताना, मी रुमाल बांधून मुद्दाम चालत निघायची. डोळे मिटले तरी चाललं असतं. कूलरची मागची बाजू रस्त्याकडे असते, भिजलेल्या ताटीचा वास बाहेर येतो. ही खिडकी त्याची, ओल्या लाकडाचा आंबूस वास. ही माझी. ही माझी. ही त्याची, हिला पुढच्या वर्षी बघते. मास्तरांची माझी. सेवाग्रामच्या रस्त्याकडचे नवे क्वार्टर, चारातले तीन माझे. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं त्या वर्षांत, म्हणून मी टाकीचे फ्लोट फुकट बसवून द्यायची, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. लोक म्हणायचे, बाई मोठी विचाराची आहे. मी कसल्या विचाराची? फ्लोट बसवायला गेले की आतल्या ताटीकडे बघता यायचं.

बदल्याच्या रागानं माणूस स्वतःच जळतो असं लोक म्हणतात. मी नाही जळले. मला त्या रागानं भूक लागायची, झोप लागायची. पोर शाळेत जायला लागली, कमलाबाईसोबत आणखी तिघी भरायला यायला लागल्या, आणि हळूहळू मनोहरभाऊंच्या गोदामासमोरच्या सायकली कमी झाल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी गठ्ठे मागवणंच बंद केलं. त्यांच्या मुलानं तिथे फायबरचे कूलर ठेवले. मी त्या बंद गोदामावरून दोनदा चालत गेले, एकदा जाताना आणि एकदा उगाच. घरी येऊन शिरा केला. हे म्हणाले, "आज काय हाये?" मी म्हटलं, "काही नाही, खा." पण वाक्य काही आलं नव्हतं. तो माणूस लग्नाकार्यात भेटायचा, हात जोडायचा, पुढे जायचा. मी त्याचा धंदा खाल्ला तरी तो मला ते वाक्य देत नव्हता.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबांना फायबरच्या कूलरची हवा सोसत नाही, अंग दुखतं म्हणतात, जुना पत्र्याचा काढलाय, त्याला वाळ्याच्या ताट्या लावून द्याल का? मी फोन ठेवला आणि हसत सुटले. कमलाबाईला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. हे म्हणाले, "मी जातो लावाले." मी म्हटलं, "तुमी बसा. हे घर माझं हाये." यांचा चेहरा पडला. मला वाटलं, त्या माणसाच्या घरी बायकोनं जाऊ नये असं वाटत असेल.

रिक्षात ताट्या घातल्या, कमलाबाईला घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि रस्ता तेव्हाच पांढरा झाला होता. मनोहरभाऊ पलंगावर उशीला टेकून बसलेले, फारच वाळले होते. मी ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, पंखा लावला. खोलीभर वास झाला. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. बारा वर्षं जो टोमणा मी तोंडात घोळवत होते तो मी काढला, अगदी गोड आवाजात.

"भाऊ, दवाखान्यातलं गवत हाये. चालन ना?"

सून गोंधळली. मनोहरभाऊंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, तेच ते, कीव केल्यासारखं. मग म्हणाले, "वहिनी, तुमाले प्रकाशनं सांगतलं नाई काय अजून?"

"काय सांगतलं नाई?"

"याच खोलीत माह्यी आई होती. तिच्या कूलरच्या ताट्या प्रकाशनं भरल्या. चार दिवसानं जाळीतून बँडेजची पट्टी लोंबली. रगत लागलेली, वाळून काळी झालेली. मायच्याच हाताले लागली ते. गवत काढून पाह्यलं तं आत अजून दोन." ते दम घ्यायला थांबले. "प्रकाश इथंच उभा होता. रडला. म्हणे गवत कमी पडलं, एका दवाखान्यानं फेकलेलं होतं, मधात भरलं. म्हणे बायको बाळंतीण हाये, तिले नका सांगू. तुमाले नाई सांगतलं मी. बाकी गावाले सांगतलं. काऊन नाई सांगाचं? लोकायच्या घरी लेकरंबाळं नव्हती काय?"

कमलाबाईनं पान्हा-पक्कड गोळा केली. सून पैसे देत होती, ते मी घेतले नाहीत. निघताना पंखा जोरात चालू होता आणि मागून त्यांचा आवाज आला, "हवा चांगली हाये, वहिनी."

हे दुकानात होते, फरशीवर, हात कोपरापर्यंत चिंचेच्या पाण्यात. मी समोर उभी राहिले.

"पट्टी निघाली होती?"

यांनी हात बाहेर काढले नाहीत. "हो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगणार होतो. तू लेकरू घेऊन भांडाले गेली. मंग तू थ्या कापसाच्या ताट्या भरल्या, पाटी लावली, दादाकडे गेली. रोज त्याच्यावर दात खात उठे तू आन् कामाले लागे." हे खाली पाण्याकडे बघत बोलत होते. "मी म्हटलं, राहू दे. त्याच्यावरचा राग हाये तं घर चालून राह्यलं."

म्हणजे माझ्या रागाला या माणसानं बारा वर्षं घाण्याला जुंपलं होतं. मी गावभर फिरले, एका निरपराध माणसाचं गोदाम बंद पाडून घरी येऊन शिरा केला, तो यांनी खाल्ला आणि वाटी पुढे करून पुन्हा मागितला. मनोहरभाऊंकडे मी माझं वाक्य मागत होते. ते त्यांच्याकडे नव्हतंच. ज्याच्याकडे होतं तो माझ्या शेजारी बसून किसाच्या बटा उजेडात धरत होता.

माफी मागायला मी मनोहरभाऊंकडे अजून गेलेली नाही. जाईन. त्यांच्यावरचा राग गेला असं म्हणायला जीभ वळत नाही, बारा वर्षांची सवय आहे. आणि यांच्यावर ओरडणं मला जमत नाही, हे ओरडण्यासारखं उत्तरच देत नाहीत. म्हणून त्या दुपारी मी आमच्या खोलीतल्या कूलरच्या तिन्ही ताट्या काढल्या आणि दारात आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकल्या. पोरीला हिंगणीला मामाकडे पाठवलं, तिनं का भोगावं. आता जेवण झालं की हे दुपारी आडवे होतात, बनियन भिजून पाठीला चिकटतं, या कुशीवरून त्या कुशीवर होतात. सगळ्या गल्लीत वाळ्याचा वास असतो. हे ताटीबद्दल एक शब्द विचारत नाहीत. मीही त्याच खोलीत, भिंतीला पाठ लावून, घाम पुसत बसते आणि त्यांच्याकडे बघते. आज बाविसावा दिवस आहे आणि मे अजून सगळा जायचा आहे.